जुनी बुलेट पारखताना

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याने निघालो, की मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे बिद्री लागते. कागल तालुक्यातले हे गाव उसाचे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना इथलाच. पुढे मुदाळ तिट्ट्यावरून एक रस्ता निपाणीकडे जातो, तर दुसरा राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाट उतरतो आणि कोकणात देवगडला पोहोचतो.

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा, की तुमचे मामा बिद्रीला राहतात. त्यांनी ठरविले आहे, की एक जुनी बुलेट मोटारसायकल घ्यावी, ती नीट करून घ्यावी आणि मामींना मागे बसवून फोंडा घाटाने देवगडचा समुद्र पाहून यावे. त्यांच्यासमोर दोन गाड्या आहेत. एक चकाचक आहे: नवा रंग, आरशासारखा क्रोम, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. दुसरी गोठ्याशेजारच्या छपरात धूळ खात उभी आहे. दोन्हींची किंमत सारखीच. मामांचा जीव पहिलीवर जडला आहे. कोणती घ्यावी?

'दिसते तसे नसते म्हणून जग फसते' असे आपण म्हणतो. पण नुसते म्हणून भागत नाही. ते तपासावे कसे, हे ठाऊक हवे. गंमत अशी, की या तपासणीला लागणारे बहुतेक विज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे. चला तर, दोरी, मोजपट्टी, वही आणि पेन्सिल घेऊन मामांबरोबर जाऊ या. मात्र एक अट आहे. गाडी मुख्य स्टँडवर भक्कम उभी असावी, शेजारी मोठे माणूस असावे आणि इंजिन चालू असताना साखळीजवळ किंवा चाकाजवळ बोट नेऊ नये.

हे यंत्र आले कोठून?

बुलेट मूळची इंग्लंडची. तिथल्या रॉयल एनफील्ड कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे नवे रूप बाजारात आणले. १९५५ साली मद्रासच्या कंपनीशी भागीदारी होऊन 'एनफील्ड इंडिया' स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. इंग्लंडमधला कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला, आपल्याकडचा मात्र चालूच राहिला. जुन्या धाटणीचे, बिडाच्या सिलिंडरचे इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत बनत होते. आपण पाहणार आहोत ती गाडी याच जातीची. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो. आजच्या गाड्यांच्या हे अगदी उलट! म्हणून नवी गाडी चालविणाऱ्याने आधी मोकळ्या मैदानावर सराव करावा. संकटाच्या क्षणी पाय सवयीप्रमाणे चालतो, विचाराप्रमाणे नव्हे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. कोल्हापूरच्या मुलांना ते सांगायला नको. उद्यमनगरातल्या कारखान्यांनी आणि ओतशाळांनी या शहराचे नाव देशभर केले आहे. बिडामध्ये कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने असतो. ग्रॅफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीतले शिसे, बोटांना गुळगुळीत लागणारे. त्यामुळे बीड घर्षणाला चांगले टिकते आणि कंपनेही शोषून घेते. पण ॲल्युमिनियमच्या मानाने ते उष्णता सावकाश वाहून नेते. म्हणून हे इंजिन तापले, की त्याला घटकाभर विसावा द्यावा लागतो.

आधी कागद, मग लोखंड

गाडीला हात लावण्यापूर्वी नोंदणीपत्र मागा. सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपत्रातील क्रमांकांशी एकेक आकडा लावून ताडून पहा. आकडा खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर तिथेच नमस्कार करून परत फिरा.

खाजगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षे चालते. नंतर गाडी तपासून घेऊन दर वेळी ५ वर्षांसाठी ती वाढवावी लागते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरतात. गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याचा नमुना ३५ हवा. बिद्रीकरांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. निपाणी जवळच असली तरी ती कर्नाटकात आहे. तिकडची गाडी महाराष्ट्रात आणून नावावर करायची, तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. विमा आणि धुराचे प्रमाणपत्रही पाहून घ्या.

दोरीची परीक्षा

आता आपली पहिली कसोटी. अपघातात सापडलेल्या गाडीला नवा रंग देता येतो, पण वाकलेला सांगाडा रंगाखाली सरळ होत नाही. तो ओळखण्यासाठी एक लांब दोरी घ्या. मागच्या टायरला पाठीमागून वेढा द्या आणि दोरीची दोन्ही टोके जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवरून, दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून धरा. स्टँडचा अडथळा येत असेल, तर दोरी तेवढीच वर-खाली करा.

जुन्या बुलेटचे दोन्ही टायर बहुधा एकाच मापाचे, ३.२५–१९ असतात. हँडल सरळ धरले, तर प्रत्येक बाजूची दोरी मागच्या टायरला दोन ठिकाणी आणि पुढच्या टायरला दोन ठिकाणी जेमतेम टेकली पाहिजे. एका बाजूला दोरी चिकटते आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट राहते, असे दिसले, तर दोन्ही चाके एका सरळ रेषेत नाहीत. मागचे चाक साखळी ताणताना तिरके बसले असेल, तर ते दुरुस्त करता येते. चाक नीट बसवूनही फट राहिली, तर दोष सांगाड्यात किंवा पुढच्या फोर्कमध्ये आहे.

आपण असे धरू, की चकाचक गाडीला फट राहिली आणि धुळकट गाडीची दोरी चारही ठिकाणी टेकली. मामांचा चेहरा थोडा उतरेल; पण फोंड्याच्या वळणावर सरळ न जाणारी गाडी कळण्यापेक्षा ते इथे कळलेले बरे.

इंजिनाची नाडी

इंजिन सुरू करण्यापूर्वी त्याला हात लावून पहा. ते आधीच गरम असेल, तर विकणाऱ्याने ते अगोदर चालवून ठेवले आहे. थंड असताना गाडी कशी सुरू होते, हे त्याला दाखवायचे नसेल. गाडी थंड होईपर्यंत थांबा, चहा घ्या.

आता थोडे गणित. या इंजिनाच्या सिलिंडरचा आतील व्यास ७० मि.मी. आणि दट्ट्याची धाव ९० मि.मी. असते. म्हणजे दट्ट्या खालून वर येताना व्यापतो ते आकारमान

(२२ ÷ ७) × ३.५ × ३.५ × ९ = सुमारे ३४६ घन सें.मी.

म्हणूनच हिला '३५०' म्हणतात. हिचे संपीडन गुणोत्तर सुमारे ६.५ आहे. याचा अर्थ, दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरात मावणारे मिश्रण दट्ट्या माथ्यावर आला, की साडेसहापट कमी जागेत दाबले जाते. माथ्यावर उरणारी जागा ३४६ ÷ ५.५, म्हणजे सुमारे ६३ घन सें.मी. असते. एवढ्या जागेत कोंडलेली हवा निसटू नये, हे काम दट्ट्यावरच्या कड्यांचे (रिंगांचे) आणि झडपांचे.

ते काम नीट होते का, हे किक सांगते. इंजिन बंद ठेवून मामांनी किकवर हळूहळू भार द्यावा. एका ठिकाणी किक घट्ट अडते. चांगल्या इंजिनात ती तशीच अडून राहते आणि मग सावकाश खाली जाते. किक लोण्यासारखी सहज खाली गेली, तर हवा कोठून तरी निसटते आहे. कोठून? त्यालाही युक्ती आहे. मेकॅनिककडून स्पार्क प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, प्लग पुन्हा बसवावा आणि किक पुन्हा दाबून पहावी. आता ती अडू लागली, तर तेलाने कड्यांच्या फटी बुजविल्या, म्हणजे कड्या किंवा सिलिंडर झिजले आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष बहुधा झडपांचा.

धूर बोलतो

गाडी सुरू झाली, की धुराकडे पहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. कार्ब्युरेटर जुळवून घेतला, की तो बहुधा जातो. थंडीच्या सकाळी दिसणारी विरळ पांढरी वाफ ही ज्वलनात तयार झालेल्या पाण्याची असते. तिची चिंता नको. निळसर धूर म्हणजे मात्र तेल जळते आहे.

इथे घाईने निकाल देऊ नका. या इंजिनाची तेलाची टाकी निराळी असते आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली, की टाकीतले तेल झिरपून इंजिनाच्या तळाशी उतरते. मग सुरुवातीची काही मिनिटे निळा धूर येतो आणि नंतर थांबतो. छपराखालच्या गाडीचा धूर असा थांबला, तर तो दोष मानू नये. अर्धा तास चालवूनही निळा धूर येतच राहिला, तर मात्र इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

कानाने आणि मोजपट्टीने

पेन्सिलीने चाकाचा एकेक आरा वाजवून पहा. ताणलेला आरा सतारीच्या तारेसारखा स्वच्छ वाजतो, सैल आरा 'ठक्' करतो. तारेवरचा ताण वाढला, की तिची वारंवारता वाढते, हे तुम्ही ध्वनीच्या पाठात शिकला आहातच.

साखळी मोजा. या साखळीच्या दोन कड्यांमधले अंतर १५.८७५ मि.मी. असते. म्हणजे २० कड्यांची लांबी ३१७.५ मि.मी. भरायला हवी. साखळी ताणून मोजल्यावर लांबी सुमारे ६ मि.मी.ने, म्हणजे २ टक्क्यांनी वाढलेली आढळली, तर साखळी आणि तिची दंतचक्रे बदलावीत. लोक म्हणतात, 'साखळी लांबली'. वास्तविक लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन थोडी थोडी झिजते आणि त्या झिजेची बेरीज आपल्याला दिसते.

टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. '१४२३' असेल तर टायर २०२३ सालच्या १४ व्या आठवड्यात बनला. नक्षी खोल दिसली तरी रबर वयाने कडक होते आणि त्याला चिरा पडतात. अनेक वर्षे उभ्या गाडीचे टायर आणि ट्यूब बदलायचेच, असे समजून चाला.

घाटाचा हिशेब

धुळकट गाडी पसंत पडली. आता ती प्रवासासाठी सजवायची. मामा म्हणतात, "आधी क्रोम करू, मग जोरदार सायलेन्सर बसवू." आपण त्यांना घाटाचा हिशेब दाखवू.

बुलेटचे वजन सुमारे १६० किलो, मामा ७०, मामी ६० आणि सामान ३०; एकूण ३२० किलो. घाटाचा उतार ५०० मीटर धरू. उतरताना मुक्त होणारी स्थितिज ऊर्जा अशी:

३२० × ९.८ × ५०० = सुमारे १५ लाख ६८ हजार जूल

वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा कोठे तरी उष्णता होऊन गेली पाहिजे. २५ अंश सेल्सिअसचे ५ लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते! ती सगळी ब्रेकच्या डब्यांवर टाकली, तर काय होईल? दोन्ही डब्यांत मिळून ५ किलो लोखंड आहे आणि उष्णता बाहेर जातच नाही असे धरले, तर लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोमागे ४५० जूल घेऊन तापमान सुमारे ७०० अंशांनी चढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, म्हणून इतके होत नाही. पण ब्रेक तापून त्याची पकड ढिली का होते, हे यावरून कळते. म्हणून जुने चालक सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. मग बराच भार इंजिन पेलते आणि ब्रेक गरजेपुरते थंड राहतात. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणे ही पेट्रोलची बचत नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

वेगाचेही असेच. ताशी ४० कि.मी. वेगाला ब्रेकने थांबायला समजा १२ मीटर लागले, तर ताशी ६० ला दीडपट नव्हे, सव्वादोनपट, म्हणजे २७ मीटर लागतात. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत जाणाऱ्या एका सेकंदात गाडी अनुक्रमे ११ आणि १७ मीटर पुढे गेलेली असते.

तेव्हा पैसे खर्चण्याचा क्रम ठरला: आधी ब्रेकचे लायनर आणि तारा, मग टायर-ट्यूब, मग दिवे, मग साखळी. क्रोम सर्वांत शेवटी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर नकोच. तो कायद्यातही बसत नाही आणि त्याने गाडीची शक्ती वाढत नाही. दिव्यांचे महत्त्व या भागात सांगायला हवे का? गळीत हंगामात उसाने भरलेल्या गाड्या आणि दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रीही रस्त्यावर असतात. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. आपला दिवा चांगला हवा आणि आपल्या गाडीला मागे लाल परावर्तकही हवा.

सामान कोठे बांधावे?

आता तरफेचा नियम वापरू. बुलेटच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर सुमारे १३७० मि.मी. असते. २० किलोची पेटी मागच्या आसाच्या ३०० मि.मी. मागे बांधली, तर मागच्या चाकावरचा भार २० × १६७० ÷ १३७०, म्हणजे सुमारे २४.४ किलोने वाढतो. पेटी २० किलोची, मग जादा ४.४ किलो आले कोठून? ते पुढच्या चाकावरून कमी झाले! पुढचे चाक हलके झाले, की हँडल डुलू लागते. तेच सामान दोन पिशव्यांत विभागून मागच्या आसाच्या २०० मि.मी. पुढे, दोन्ही बाजूंना सारखे लटकावले, तर मागे सुमारे १७ आणि पुढे ३ किलो भार पडतो. नियम सोपा आहे: जड सामान खाली, पुढे आणि मधोमध, हलके सामान वर आणि मागे.

पिशव्यांसाठी चौकट बसविताना साडीगार्ड काढून टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गेल्याने माणसे दगावली आहेत. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि चाकाचे आवरण नियमानेच आवश्यक आहे.

सोबत काय घ्यावे? स्पार्क प्लग, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तारा, साखळीची जोडकडी, ट्यूब, दिवे, फ्यूज, हवा भरायचा पंप आणि पाने. जुन्या बुलेटवर काही नट-बोल्ट ब्रिटिश इंची मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना त्यांवर घसरतो, म्हणून पाने घरीच लावून पहावेत.

उसापासून टाकीपर्यंत

शेवटी एक गोष्ट बिद्रीच्या शिवाराशी जोडलेली. उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल करतात आणि आता देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उत्पादकाला त्यातून आधार मिळतो आणि आयात तेलही वाचते. पण ही गाडी बनली तेव्हा असे इंधन नव्हते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. जुना कार्ब्युरेटर हे ओळखत नाही. तो पूर्वीइतकीच हवा देतो. मिश्रण पातळ होते आणि इंजिन अधिक तापते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगविते आणि हवेतली वाफ शोषून घेते.

उपाय अवघड नाहीत. पेट्रोलची नळी आणि रबरी भाग इथेनॉलला टिकणारे बसवा. जाणत्या मेकॅनिककडून कार्ब्युरेटर तपासून घ्या. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल, तर जुने पेट्रोल टाकीत साठवू नका.

मित्रांनो, एक गोष्ट विसरू नका. ही गाडी तपासणे तुमचे काम आहे, चालविणे नव्हे. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मामांना असा आहेर देऊ नका! मामा आणि मामी, दोघांच्याही डोक्यावर शिरस्त्राण आहे ना, एवढे मात्र निघताना जरूर पहा.

करून पहा

१. आपल्या सायकलवर दोरीची परीक्षा करा. हँडल थोडे तिरके केल्यावर दोरी कोठे सुटते?

२. सायकलच्या साखळीच्या १० कड्या मोजा. नव्या साखळीत एका कडीची लांबी १२.७ मि.मी. असते. तुमची साखळी किती टक्के झिजली आहे?

३. मामा एकटेच, सामानाशिवाय घाट उतरले, तर ब्रेक आणि इंजिन मिळून किती जूल ऊर्जा पेलतील?

४. लिटरभर पेट्रोलमधून सुमारे ३२ आणि लिटरभर इथेनॉलमधून सुमारे २१ मेगाजूल ऊर्जा मिळते. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात ऊर्जा किती टक्क्यांनी कमी होईल? देवगडच्या फेरीसाठी मामांनी पेट्रोलचा हिशेब कसा बदलावा?